नाथांची टाळी आणि हिरवा ठिपका

छत्रपती संभाजीनगरात घरून काम करणाऱ्या माणसाचं वेळापत्रक कंपनी ठरवत नाही, नळ ठरवतो. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळाला पाणी मात्र काही दिवसांआड. उन्हाळ्यात तर कधी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. पाण्याचा दिवस उजाडला की मोटार, पाइप, हौद, गच्चीवरची टाकी या क्रमानं सगळं घर कामाला लागतं. नेमकी त्याच वेळी पुण्याच्या नाही तर बेंगळुरूच्या कंपनीची सकाळची मीटिंग असते. कॅमेरा बंद करून ‘नेटवर्क जातंय’ म्हणणारा सिडकोतला मुलगा खरं तर टाकी ओसंडली का ते बघायला जिना चढत असतो.

त्याच्या टीममध्ये बहुतेकांना हे ठाऊक नसतं. तो सगळ्यांसोबत एका ऑफिसात बसत असता, तर ‘काल आमच्याकडं पाणी आलं, झोपच झाली नाही’ हे वाक्य टपरीवर चहा पिताना सहज निघालं असतं. कुणी हसलं असतं, कुणी २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं त्याची आठवण काढली असती, आणि पुढच्या वेळी मीटिंग अर्धा तास पुढं ढकलताना कारण विचारण्याची गरज पडली नसती. कंपनीची संस्कृती म्हणून जे काही असतं, त्यातला मोठा भाग अशा फुटकळ माहितीचा असतो असं मला वाटतं. कुणाचा बाप आजारी आहे, कुणाला सकाळी बोललेलं सहन होत नाही, कुणाला चूक दाखवली तर राग येतो आणि कुणाला आनंद होतो. ही माहिती कुणी कुणाला पाठवत नाही. ती एकाच जागी वावरताना अंगाला लागते.

‘कंपनी कल्चर’ हा शब्द मनुष्यबळ विभागाचा. त्याच्याबरोबर भिंतीवरची मूल्यांची पोस्टरं येतात, एकसारखे टी-शर्ट येतात, शुक्रवारचे खेळ येतात. वाळूजला किंवा चिकलठाण्याला पंचवीस वर्षं काढलेला कामगार हा शब्द कधी वापरत नाही. तो एवढंच म्हणतो, ‘आपल्याकडं असं चालत नाही.’ मला ही व्याख्या पुरते. काय चालतं आणि काय चालत नाही हे कुठंही लिहिलेलं नसताना ज्याला त्याला कळलेलं असणं. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ सालचा. त्याच्या आधी चिकलठाण्याची वसाहत होती, पुढं शेंद्रा आलं. गंगापूर, पैठण, फुलंब्री, कन्नडकडच्या शेतकऱ्यांची पोरं या कारखान्यांत शिरली तेव्हा त्यांना पाळीची वेळ, सुरक्षेचे बूट, परत आलेल्या मालाची लाज या गोष्टी कुणी भाषणातून शिकवल्या नाहीत. शेजारच्या मशीनवरचा जुना ऑपरेटर वाकडा तुकडा हातात घेऊन नुसता बघायचा. त्या बघण्यात सगळं आलं. खंडेनवमीला त्याच मशीनला झेंडूचा हार घालताना दोघं शेजारी उभे राहायचे, आणि वर्षभराचं बघणं तिथं फिटायचं. (टाळेबंदीच्या वर्षी घराघरांत लॅपटॉप पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं गेलं. चार्जरला फूल. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. फक्त पूजेला शेजारी उभं राहणारं कुणी नव्हतं, एवढंच.)

या शहरापासून पंधराएक किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. पर्यटक तिथं अंधारी नावाचा काळोखा भुयारी मार्ग पाहायला जातात. मला तिथली एक ऑफिसातली गोष्ट आठवते. सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार पाहत आणि पैठणहून आलेला एकनाथ नावाचा तरुण त्यांच्याकडं शिष्य म्हणून राहत होता. हिशेबाचं कामही त्याच्याकडं होतं. आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे: एकदा हिशेबात एका पैची चूक लागेना. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या उलटीत बसला. उत्तररात्री चूक सापडली आणि त्या भरात त्यानं टाळी वाजवली. आवाजानं जनार्दनस्वामी उठून आले, काय झालं म्हणून विचारलं. एका पैची चूक सापडली म्हणून एवढा आनंद, मग संसाराच्या हिशेबातली मोठी चूक सापडली तर किती होईल, असं ते म्हणाले आणि शिष्याची पुढची वाट त्या वाक्यातून निघाली.

कीर्तनकार ही गोष्ट अध्यात्माकडं नेतात, ते त्यांचं काम. मला तिच्यातली जागा महत्त्वाची वाटते. गुरू हाकेच्या अंतरावर झोपला होता. टाळी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. त्यानं हिशेब तपासला नाही, किती तास बसलास हेही विचारलं नाही. टाळी कशाची, एवढंच विचारलं. हाताखालच्या माणसाला कशात आनंद होतो हे कळणं ही वरिष्ठाच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट असते, आणि ते कळायला बहुधा अपघातच लागतो. आज तोच तरुण गारखेड्यातल्या खोलीत रात्री दोन वाजता प्रोग्रॅममधली चूक शोधून टाळी वाजवतो. कंपनीला दिसतो तो त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका. पुष्कळदा तोही दिसत नाही, कारण मॅनेजर झोपलेला असतो. सकाळी अहवालात एक ओळ येते: चूक दुरुस्त केली. टाळी अहवालात येत नाही.

घरून कामाच्या वादात दोन्ही बाजूंनी फार आत्मविश्वासानं बोललं गेलं आहे, आणि दोन्हींचं हसू व्हावं असं पुढं घडलं आहे. एप्रिल २०२० मध्ये टीसीएसनं जाहीर केलं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त पंचवीस टक्के कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असणं पुरेल. साडेचार लाखांच्या आसपास माणसं असलेली कंपनी असं म्हणते म्हटल्यावर मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी त्यावर बेत आखले. हिंजवडीतली भाड्याची खोली सोडली, इथं वरचा मजला चढवला, मुलाचं नाव इथल्या शाळेत घातलं. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीनं आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावलं, आणि पुढच्या वर्षी कामगिरीनुसार मिळणाऱ्या पगाराचा भाग हजेरीशी जोडला. धोरण बदलायला कंपनीला एक ईमेल लागतो. चढवलेला मजला उतरवता येत नाही.

हजेरी आणि हजर असणं यांत मराठीनं चांगला फरक ठेवला आहे. मस्टरवर सही करून दिवसभर बेपत्ता असणारी माणसं आपण सरकारी कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. आता खासगी कंपन्यांनी तेच नव्या रूपात आणलं. हिंजवडीच्या वाहतुकीत दीड तास घालवून मुलगी ऑफिसात पोचते, कार्ड दाखवते, कानाला हेडफोन लावते आणि चेन्नईत, नोएडात, अमेरिकेत बसलेल्या टीमशी स्क्रीनवर बोलते. तिच्या शेजारी बसलेला दुसऱ्याच टीमचा. दोघांची ओळख लिफ्टपुरती. याला संस्कृतीची जपणूक म्हणायचं असेल तर देवळाबाहेर चपला मोजून भाविकांची श्रद्धा ठरवायलाही हरकत नाही.

मात्र घरवाल्या बाजूचंही सगळं खरं नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. स्वतःहून पुढं आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी चिठ्ठ्या टाकून काहींना घरी बसवलं. घरी बसलेल्यांचं काम तेरा टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. घरवाले हा आकडा मोठ्यानं सांगतात. त्याच अभ्यासातल्या पुढच्या दोन गोष्टी हळू सांगतात: तेवढंच काम करूनही घरी बसलेल्यांना बढती मिळण्याचं प्रमाण कमी होतं, आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा निवडायला सांगितलं तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी आपली निवड बदलली. एकटेपणाची तक्रार होती. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या एकसष्ट हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या संपर्कांचा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं की घरी गेल्यावर माणसं आपापल्या गटात घट्ट झाली आणि गटांमधले पूल कमी झाले. ज्यांच्याशी आधीच ओळख आहे त्यांच्याशी बोलणं चालू राहतं. अनोळखी माणसाशी टपरीवर गाठ पडणं थांबतं.

मग ब्लूम यांनी पुढं त्याच कंपनीत, म्हणजे आता ट्रिप डॉट कॉम म्हणवणाऱ्या सीट्रिपमध्ये, आठवड्याचे दोन दिवस घरून काम देऊन सोळाशेवर पदवीधरांवर प्रयोग केला. सोडून जाणारे एक तृतीयांशानं घटले आणि बढत्यांवर परिणाम झाला नाही. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाल्यावर ‘मधला मार्ग’ वाल्यांना आनंद झाला. मला एवढंच म्हणायचं आहे की ही सगळी मोजमापं शिकून तयार झालेल्या माणसांचीच जास्त. ज्याला अजून काही येत नाही, त्याचं काय?

त्याच्याआधी एक गोष्ट बोलून टाकली पाहिजे, नाही तर हा लेख खोटा होईल. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, काम बंद पडलं म्हणून चालत घराकडं निघाले होते. त्याच आठवड्यांत याच जिल्ह्यात आपण ‘घरून काम करायची सवय कशी लावावी’ याच्या चर्चा स्क्रीनवर करत होतो. वाळूजच्या कारखान्यांतला कामगार पुन्हा पाळीवर गेला, तिथं साथ पसरली, जुलैत शहर पुन्हा बंद झालं. घरून काम ही सोय कुणाची, आणि जोखीम कुणाची, हे तेव्हा उघड्यावर होतं. एकाच कंपनीत ऑफिसातला घरी आणि कारखान्यातला मशीनवर अशी फाळणी झाली, तिची बोच अजून गेलेली नाही. लाइनवरच्या माणसाला पेरोलवाल्याशी बोलायचं तर त्याचा फोन लागत नाही, आणि पेरोलवाल्याच्या घरी कुकरची शिट्टी ऐकू येते. अशा कंपनीनं संस्कृतीची बैठक घेताना ही शिट्टी आधी ऐकावी.

घरून काम ही काही करोनानं आणलेली गोष्ट नाही. पैठण आणि येवला इथं पैठणी घरातच विणली जात आली. माग पुढच्या खोलीत, स्वयंपाक मागच्या. पुरुष मागावर, बायका-पोरी कांड्या भरायला. कंपनी नाही, मनुष्यबळ विभाग नाही, तरी काठाची नारळी नारळीच राहिली, पदरावरचा मोर पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला, आणि २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे कसं राहिलं याचं उत्तर घरात शोधून सापडत नाही, ते गल्लीत आहे. विणकर घरी बसून काम करत होता पण एकटा नव्हता. शेजारच्या मागाचा आवाज थांबला की काय झालं म्हणून कुणी डोकावायचं. येता-जाता शेजारी आत येऊन पदर बघायचा, दोन धागे चुकले असतील तर बोलायचा. गल्ली हेच ऑफिस होतं. आजचा घरून काम करणारा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसतो, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या कंपनीचा तसाच एक बसतो. दोघांची गोपनीयतेच्या करारावर सही झालेली असते. दोघांत एक भिंत आणि एकही गल्ली नाही.

मागाच्या घराचं गुणगान एवढ्यावरच थांबवतो, कारण त्या घरातल्या बाईच्या कांड्या साडीच्या मजुरीत वेगळ्या कधीच मोजल्या गेल्या नाहीत. घरात आलेल्या कामाची ही जुनी खोड आहे. सोलापूरच्या बिडी कामगार बायका तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणून वळत राहिल्या. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, तेव्हा कुठं तिला निदान कागदावर मालक मिळाला. लॅपटॉपवाल्या सुनेची अवस्था पगारानं बरी असली तरी ‘घरीच तर आहे’ या तीन शब्दांत ती तिथंच येऊन उभी राहते. घरीच तर आहे, मग गॅसवाल्याला दार उघडेल. घरीच तर आहे, मग सासूबाईंना दवाखान्यात नेईल. पाण्याच्या दिवशी तर विचारूच नका. कंपनीनं विजेचं बिल, खुर्ची, इंटरनेट यांचे पैसे दिले तर ती उदारता समजली जाते. वास्तविक कंपनीनं तिच्या घरातली आठ बाय दहाची जागा विनाभाड्यानं घेतली आहे, आणि घरातल्यांनी गप्प बसून तिला जागा करून दिली आहे. संस्कृती टिकवण्याची भाषा करण्यापूर्वी हे भाडं चुकतं करावं.

आणखी एक गोष्ट ऑफिसप्रेमी सोयीस्करपणे विसरतात. ऑफिसची संस्कृती सगळ्यांना सारखी लागत नव्हती. मराठवाड्यातला मुलगा पुण्यात गेला आणि ‘काय करायलास?’ म्हणाला की टेबलावर हसू फुटायचं. डबे कुणी कुणाबरोबर उघडायचे याच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि त्या कशा ठरल्या हे आडनावांवरून कळायचं. स्क्रीनवर सगळ्यांचे चौकोन एकाच मापाचे असतात. कित्येकांना घरी आल्यावर पहिल्यांदा मोकळं बोलता आलं असेल, तर ती तूट ऑफिसच्या खात्यावर मांडावी लागेल.

तर मग टिकवायचं काय, आणि कसं? याचं एक उत्तर लिहून ठेवण्यात आहे, आणि तेही महानुभाव पंथानं फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. तेराव्या शतकात या पंथाच्या चक्रधरस्वामींचा पैठणला, वेरुळला मुक्काम होता. ते गेल्यानंतर मागं राहिलेल्या अनुयायांपुढं आजच्या कुठल्याही विखुरलेल्या टीमचा प्रश्न होता: माणूस समोर नाही, आता त्याची रीत कशी धरायची? म्हाइंभटानं ज्यांनी ज्यांनी प्रसंग पाहिले होते त्यांच्याकडं जाऊन ते विचारून घेतले, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले, आणि लीळाचरित्र झालं. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ. त्यात तत्त्वज्ञानाचे पाठ कमी आणि प्रसंग जास्त: कोण आलं, काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, कुणाचा मान राखला, कुणाला कसं थांबवलं. वचनं वेगळी काढून सूत्रपाठ रचला गेला तो नंतर, केसोबासांच्या हातून. आधी लीळा, मग सूत्र. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

कंपन्या नेमकं उलटं करतात. गिटलॅबसारखी, जिला मुळात कार्यालयच नाही अशी कंपनी आपली हजारो पानांची कार्यपुस्तिका जगासमोर उघडी ठेवते आणि तिच्यात बारीकसारीक गोष्टी असतात हे मान्य. पण आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांची पुस्तिका म्हणजे निव्वळ सूत्रं: प्रामाणिकपणा, मालकीची भावना, ग्राहक आधी. ‘ग्राहक आधी’ म्हणजे काय हे त्या दिवशी कळतं, जेव्हा मोठ्या ग्राहकाला नको ते सांगायची पाळी येते आणि कुणीतरी वरिष्ठ ते कसं सांगतो हे नवा माणूस पाहतो. तो प्रसंग लिहून ठेवा, नावानिशी, माणसाच्या बोलण्यासकट, आणि चुकलेला प्रसंग असेल तर तोही. एकच प्रसंग दोघांना वेगळा आठवत असेल तर दोन्ही लिहा. महानुभावांनी पाठभेद दडवले नाहीत. त्यांचीच पुढची चूकही लक्षात ठेवावी. ग्रंथ जपण्यासाठी त्यांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी त्या उलगडेपर्यंत बाहेरच्या मराठी माणसाला आपलं हे गद्य वाचताच आलं नाही. तीन-चार अक्षरांच्या संक्षेपांनी भरलेला कुठल्याही कंपनीचा अंतर्गत संदेश उघडून पाहा. नव्या माणसासाठी तीही सकळ लिपीच आहे.

लिहिणं मात्र अर्धंच काम करतं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी वारीकडं बघतो. वारकरी संप्रदायाला मुख्य कार्यालय नाही आणि सभासदांची यादी नाही. वारकरी घर सोडत नाही. एकनाथ तर पुरते संसारी. वर्षातले बहुतेक दिवस प्रत्येकजण आपल्या घरी, आपल्या शेतात असतो. तरी आषाढीला पैठणहून नाथांची पालखी निघते आणि तिच्यात चालणारा माणूस देहूच्या किंवा मुक्ताईनगरच्या माणसाला कुठंही ओळखतो. रोजचं करायचं ते अगदी थोडं, पण न चुकता: गळ्यात माळ, हरिपाठ, एकादशी. एकत्र येणं वर्षातून मोजकंच, पण ते आलं की अंगावर येणारं: सोबत चालणं, भिशीतलं जेवण, तंबूत शेजारी झोपणं. आणि लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, एकमेकांना ‘माउली’ म्हणतात.

कंपनीला वारी व्हायला सांगण्याचा माझा विचार नाही. पगारासाठी चालणं आणि विठोबासाठी चालणं यांत फरक आहे, आणि कंपन्यांनी आपल्याला ‘कुटुंब’ म्हणायला लागल्यापासून मी असल्या उपमांना घाबरतो. कुटुंबातून तीन महिन्यांच्या नोटिशीवर कुणाला काढत नाहीत. मला घ्यायची आहे ती वारीची व्यवस्था. आळंदीच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात शिस्त घालून दिली. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार, लष्कर कसं हलतं हे जाणणारे. त्या सोहळ्यात संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या असतात, टाळ चालू असतात. चोपदार चोप उंच करतो आणि हजारोंचे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडं जातो, तक्रार ऐकतो, निवाडा करतो, आणि मग आरती.

दुरून काम करणाऱ्या टीमच्या नियमांचं मी जेवढं वाचलं आहे, त्यात या तोडीचं काही मला भेटलेलं नाही. इथं शांततेला अर्थ दिला आहे: शांत आहे म्हणजे तक्रार नाही, आणि तक्रार असेल तर ती सगळ्यांना ऐकू येते, ती ऐकल्याशिवाय पुढचं होत नाही, आणि ती सांगायला कुणाला एकट्यानं उभं राहावं लागत नाही, अख्खी दिंडी वाजवते. ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळे आधीच म्यूटवर असतात. वरिष्ठ विचारतो, ‘कुणाला काही बोलायचंय?’ चार सेकंद जातात. ‘नाही? छान.’ त्या चार सेकंदांत एक जण पटलं म्हणून गप्प असतो, एक जण नोकरी बदलायच्या विचारात असतो, एकाचा आवाज अडकलेला असतो आणि एक टाकी बघायला गेलेला असतो. शांतता चौघांची सारखीच ऐकू येते. माझ्या मते जी कंपनी तक्रारीचा टाळ कसा वाजवायचा हे ठरवून देईल, तिची संस्कृती घरी टिकेल, आणि जी देणार नाही तिची ऑफिसातही टिकलेली नव्हती. फक्त तिथं लोकांच्या चेहऱ्यावरून थोडं कळायचं.

नाही तर मग विश्वासाची जागा पाळत घेते. २०२२ मध्ये विप्रोनं प्रतिस्पर्ध्यांचंही काम करतात म्हणून तीनशे जणांना काढल्याचं जाहीर केलं, आणि देशभर घरी बसलेल्या प्रत्येकाकडं संशयानं बघायची मुभा मिळाली. दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारी सॉफ्टवेअर आली, आणि त्यांना फसवण्यासाठी माउस आपोआप हलवणारी यंत्रं आली. जनार्दनस्वामींचंही लक्ष होतं म्हणा. पण ते टाळी ऐकून उठले होते.

न शिकलेल्या माणसाचा प्रश्न मी मघाशी अर्धा सोडला होता. त्याच्याबाबतीत मी ऑफिसवाल्यांच्या बाजूचा आहे, आणि हे घरून काम करणाऱ्या माझ्या मित्रांना आवडत नाही. पहिलं वर्ष-दीड वर्ष नव्यानं कुणाच्या तरी शेजारी बसलंच पाहिजे. बघून शिकायचं ते पाठवून शिकवता येत नाही. वाकड्या तुकड्याकडं बघणारा ऑपरेटर व्हिडिओत मावत नाही. फक्त हा नियम दोघांना लागतो. शिकणाऱ्याला रोज बोलावून शिकवणारा महाबळेश्वरला बसून कॉल घेणार असेल, तर ती शिक्षा आहे. आणि शेजारी बसायला पुणेच कशाला हवं? संभाजीनगरात घरून काम करणारे जुने-जाणते आता कमी नाहीत. कॅनॉट प्लेसमध्ये किंवा जालना रोडवर चार-पाच टेबलांची खोली, तीन दिवस दोन जुने, दोन नवे, आणि बाकीचे दिवस आपापल्या घरी. टीमची वर्षातून दोनदा भेट, आणि ती पंचतारांकित हॉटेलात नव्हे. एकत्र काहीतरी काम करावं लागेल, चालावं लागेल अशी. फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणला न्या म्हटलं तर मनुष्यबळ विभाग घाबरेल. बघण्यासारखं असतं, एवढं सांगतो.

तोवर गारखेड्यातल्या त्या खोलीत असं होतं. रात्री दोनला टाळी वाजते. कंपनीच्या खिडकीत ठिपका हिरवाच राहतो. पलीकडच्या खोलीत आई जागी असते, कारण पहाटे पाणी यायचं आहे. ती दार ढकलून विचारते, ‘काय झालं रे?’ तो सांगायला लागतो: तीन दिवसांपासून एक चूक सापडत नव्हती, एका आकड्याची. तिला त्यातलं काही कळत नाही. ती पलंगाच्या कडेला बसते आणि म्हणते, ‘बरं, मग?’